वाट पाहताना

कुणाच्या येण्याची ओढ लागली, की आपण मराठी माणसं त्याची ‘वाट पाहतो’. पत्राची वाट पाहतो, पावसाची पाहतो, पगाराची तर महिन्याच्या वीस तारखेपासूनच पाहू लागतो. पण असं म्हणताना आपण जिच्याकडं पाहतो ती एक साधी पायवाट आहे, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. माझ्याही आलं नसतं. यंदा मात्र भाद्रपदापासून मी खरोखरीच एका वाटेची वाट पाहत बसलो आहे. आणि त्यामुळं जन्मभर वापरलेले हे दोन शब्द मला कुणी नुकतेच घासूनपुसून हातावर ठेवावेत तसे नवे दिसू लागले आहेत.

ही वाट राजगडावरून तोरण्याला जाते. त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही चौघे मित्र निघणार आहोत. नसरापूर फाट्यावरून आत वळायचं, मार्गासनीपासून साखरमार्गे पायथ्याचं गाव गाठायचं, रात्री तिथंच कुणाच्या तरी ओसरीवर पडायचं आणि पहाटे राजगड चढायला लागायचं. पुढं संजीवनी माचीवरच्या अळू दरवाजातून खाली उतरलं, की डोंगराची धार सुरू होते. ती धार धरून सहा ते आठ तास चाललं, की माणूस तोरण्याच्या बुधला माचीला जाऊन भिडतो. तोरणा उतरून वेल्ह्यात पोचायला उशीर झालाच तर डोक्यावर चंद्र असावा, म्हणून पौर्णिमा धरली आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल आणि तुम्ही चकली मोडत हे पान उलटाल, तेव्हा आम्ही अजून निघालेलेही नसू. “मग जाऊन आल्यावर लिहा की!” असं तुम्ही म्हणाल. म्हणायला हरकत नाही. परंतु जाऊन आलेल्या डोंगराबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. न गेलेल्या डोंगराची बाजू घेणारा कुणी भेटत नाही. वास्तविक जाऊन आलेला डोंगर एकच उरतो. जो दिसला, जसा दिसला, तेवढाच. न गेलेल्या डोंगराला मात्र जितके जाणारे तितकी रूपं असतात. कादंबरी लिहिणाऱ्याला हे सुख चांगलं ठाऊक आहे. पहिलं पान लिहून होईपर्यंत प्रत्येक कादंबरी थोर असते!

आमच्या चौघांचे सध्या चार डोंगर झाले आहेत. आमचे ड्रॉइंग मास्तर गवताच्या रंगावर अडून बसले आहेत. कार्तिकात धारेवरचं गवत हिरवं राहत नाही आणि पुरतं वाळलेलंही नसतं. त्या मधल्या रंगाला पेटीत रंग नाही, तो मिसळूनच करावा लागतो, हे त्यांनी आम्हांला आजवर पाच वेळा सांगितलं आहे. पोस्टात नोकरी करणारा आमचा मित्र, ज्याला आम्ही नुसतंच ‘टपाल’ म्हणतो, त्याचा डोंगर सगळा वेळापत्रकाचा. कुठं किती वाजता, तिथून पुढं किती मिनिटं. माझा डोंगर नावांचा. पाली, संजीवनी, अळू दरवाजा, बुधला, झुंजार माची. बुधला माचीच्या खाली, आम्ही चढणार त्याच बाजूला, एक बुरूज आहे. त्याचं नाव रडतोंडी. दिवसभर चालून थकलेल्या माणसाच्या वाट्याला शेवटी रडतोंडी बुरूज यावा, ही नाव ठेवणाऱ्याची थट्टा म्हणावी की सहानुभूती, याचा निवाडा तिथं उभं राहिल्याशिवाय होणार नाही.

आणि चौथा डोंगर शेठचा. शेठ म्हणजे आमच्या गावातला किराणा दुकानदार. त्याचा डोंगर भाकरी, लसणीची चटणी, गूळ, दाणे, लिंबं आणि माणशी तीन लिटर पाणी असा मापून दिलेला. दोन गडांच्या मध्ये पाण्याचा भरवसा धरू नये, हे त्यानं आमच्याकडून तीनदा वदवून घेतलं आहे.

आमच्या बैठका शेठच्याच दुकानात होतात. रात्री नऊनंतर फळी अर्धी लागली, की आम्ही आत शिरतो. साखरेच्या पोत्यांवर सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा अंथरायचा आणि त्याची चार टोकं शेठच्या तराजूच्या लोखंडी वजनांनी दाबायची. विजेचा काटा आल्यापासून ती वजनं बिचारी वर्षभर फळीवर गंजत पडलेली असतात. आमच्या नकाशासाठीच काय ती खाली उतरतात. या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. त्या हिशेबानं राजगड आणि तोरणा यांच्यामध्ये एक वीतसुद्धा भरत नाही. टपाल तेवढ्यावरच खूश असतो. पण नकाशावर उंचीच्या तपकिरी रेषा असतात. दोन रेषांमध्ये वीस मीटरांचा चढ किंवा उतार. जिथं त्या विरळ असतील तिथं गप्पा मारत चालावं. जिथं त्या एकमेकींच्या अंगावर रेलल्या असतील तिथं गप्पा आपोआप बंद पडतात. ड्रॉइंग मास्तर या रेषांवरून बोट फिरवतात आणि म्हणतात, “पाण्यात दगड टाकल्यावर लाटा उठतात, तशा आहेत बघ.” शेठ काहीच बोलत नाही. गेल्या काही बैठकांत शेठचं बोट नकाशावर फिरताना मी पाहिलं नव्हतं.

याचं कारण आम्हांला माहीत होतं; पण त्यानं सांगेपर्यंत ते आम्हांला माहीत नसल्यासारखं चाललं होतं. पंचवीस वर्षं गल्ल्यामागं उभं राहून त्याचे गुडघे झिजले आहेत. डाव्याची झीज जास्त. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “चढायला फारशी हरकत नाही. उतरणं मात्र टाळा.” ही गोष्ट अखेर त्यानं आम्हांला सांगितली तेव्हा टपाल मोठ्यानं हसला. “म्हणजे एकदा वर गेलास की तिथंच गडकरी होऊन राहायचं!” शेठही हसला. चढताना धाप लागते म्हणून आपल्याला वाटतं, की चढणंच कठीण. पण उतरताना प्रत्येक पावलागणिक सगळ्या अंगाचं ओझं गुडघ्यावर आदळतं. धारेवर तर नुसता चढही नाही नि नुसता उतारही नाही. लहानमोठे उंचवटे एकामागून एक चढायचे आणि उतरायचे. आणि सगळं संपल्यावर तोरण्यासारखा १४०३ मीटरांचा, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच गड उतरायचा.

खरी गोष्ट अशी आहे, की ही धार आमच्यापैकी कुणाची असेल तर ती शेठचीच आहे. २००१ सालच्या हिवाळ्यात आम्ही पहिल्यांदा राजगडावर गेलो. मिसरुडं फुटून फार दिवस झाले नव्हते. पद्मावती पाहिली, सुवेळा माचीवरच्या नेढ्यात बसून वारा खाल्ला, बालेकिल्ल्याच्या चढावर एकमेकांना भीती घातली, आणि शेवटी सुमारे अडीच किलोमीटर लांबीच्या संजीवनी माचीवरून, तिच्या त्या दुहेरी तटांच्या कडेकडेनं, पार टोकापर्यंत गेलो. समोर तोरणा होता. मध्ये ही धार. शेठ तेव्हा शेठ नव्हता, वडिलांच्या दुकानात पुड्या बांधणारा पोरगा होता. तो म्हणाला, “एकदा इथून तिथवर चालत जायचं.” आम्ही म्हटलं, “पुढच्या वर्षी.”

त्यानंतर पुष्कळ ‘पुढची वर्षं’ आली. कधी कुणाचं लग्न, कधी कुणाचं बाळंतपण, कधी वडिलांचं आजारपण, तर कधी माझ्या सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा. आम्ही दरवर्षी कुठं ना कुठं गेलो. धार तेवढी राहिली. २०२० साली टाळेबंदीत तर कुठलीच तारीख ठरवता आली नाही. वाट पाहणं आणि नुसतं थांबून राहणं यांतला फरक मला त्या वर्षी समजला. नुसतं थांबणाऱ्याच्या पुढ्यात वाट नसतेच, तो पाहणार कशाकडं? वाट पाहायला निदान एक तारीख लागते, एक जागा लागते, आणि त्या तारखेला त्या जागी आपल्यासाठी पोचणारं एक तरी माणूस लागतं. चाळिशी उलटल्यावर तारीख ठरवणं ही वाटते तेवढी किरकोळ गोष्ट राहत नाही. चौघांनी ‘येतो’ म्हणणं म्हणजे चौघांनी एकमेकांना आपापल्या प्रकृतीची हमी देणं असतं.

म्हणून डॉक्टरांचा सल्ला कळल्यावर आम्ही तिघांनी एकमतानं ठरवून टाकलं, की धार रद्द. चौघांनी मिळून पाली दरवाजाच्या रुंद पायऱ्यांनी राजगडच चढू, दिवसभर गडावर फिरू आणि त्याच वाटेनं सावकाश उतरू. निर्णय सुज्ञपणाचा होता. आम्हांला तो सांगताना आपल्या थोरपणाचं थोडं कौतुकही वाटत होतं. शेठनं सगळं ऐकून घेतलं. मग नकाशावरचं पाचशे ग्रॅमचं वजन उचलून त्यानं फळीवर ठेवलं. नकाशाचं एक टोक गुंडाळलं गेलं.

“तुम्ही नाही गेलात,” तो म्हणाला, “तर ती धार माझ्यामुळं राहिली, असं मला जन्मभर वाटेल. तेवढं ओझं या गुडघ्याला पेलायचं नाही.”

आम्ही गप्प राहिलो. मग त्यानं आपला बेत सांगितला. तो त्यानं आमच्याआधीच, बहुधा रात्री जागून, पक्का केलेला होता. पालीच्या वाटेनं तो आमच्याबरोबर राजगड चढणार. संजीवनीच्या टोकापर्यंत येणार. आम्ही अळू दरवाजातून धारेला लागलो, की तो तिथंच तटाच्या सावलीत बसणार आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत पाहणार. दुपार कलली की काठी टेकत, पायऱ्या मोजत, पालीला उतरणार. तिथून गाडी करून वेल्ह्याला येणार आणि चहा सांगून बसणार. “मी तुमची वाट पाहीन,” तो म्हणाला. दुकानातल्या दिव्याच्या उजेडात हे चार शब्द मला एकदम दुहेरी ऐकू आले. चालणाऱ्याला कधी सबंध वाट दिसत नाही. त्याला पुढची दहा पावलं, पायांत अडकणारी कारवी आणि मोज्यांत रुतणारी कुसळं दिसतात. सबंध वाट पाहायची तर कुणीतरी एका जागी बसायलाच हवं.

राजगड तर अशा बसण्याचाच गड आहे. आपण त्याच्याकडं राजधानी म्हणून पाहतो. ते खरंच आहे. तोरणा आधी हाती आला; त्याची डागडुजी करताना धन सापडलं आणि त्यातून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, असं सांगतात. पुढं पाव शतकाच्या आसपास स्वराज्याचा कारभार इथून चालला. १६६५ सालच्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले देऊन १२ राहिले, त्या बारांत हे दोन्ही शेजारी होते. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घातले, त्यांत राजगड आहे, तोरणा नाही. टपालाला हा अन्याय वाटतो. पण मला राजगड म्हटलं की तह आणि याद्या आठवत नाहीत. मला १६६६ साल आठवतं. त्या वर्षी मार्चमध्ये महाराज मातोश्रींच्या हाती कारभार सोपवून, नवव्या वर्षात असलेल्या संभाजीराजांना बरोबर घेऊन, या गडावरून आग्र्याला निघाले. ऑगस्टात ते तिथून निसटले आणि त्याच वर्षी परत गडावर आले. ‘महाराज परत आले’ हे वाक्य आम्ही शाळेत मुलांना एका दमात शिकवतो. ‘गेले’ आणि ‘आले’ यांच्यामध्ये जे महिने आहेत, ते कुणाच्या तरी डोळ्यांनी या तटांवर काढले आहेत, हे शिकवायला तासिका पुरत नाही. महाराज बैराग्याच्या वेषात आले आणि आईनंसुद्धा त्यांना प्रथम ओळखलं नाही, अशीही एक कथा सांगतात. ती घडली असेल वा नसेल; वाट पाहण्याचा गुण मात्र तिच्यात अचूक पकडला आहे. जे येतं ते आपण ज्याची वाट पाहत होतो त्या वेषात बहुधा येत नाही. पंचवीस वर्षं ज्या धारेची वाट पाहिली, ती आता शेठपुढं अशा वेषात आली आहे, की त्यानं तिच्यावर पाऊलही ठेवायचं नाही. त्यानं ती ओळखली. आम्हांला ओळखायला थोडा वेळ लागला, इतकंच.

आता प्रश्न उरला तो उतरताना शेठच्या सोबतीचा. शेठ म्हणाला, “मला सोबत नको.” तिकडं वहिनींची अट अशी, की “ह्यांना खुशाल न्या, पण एकटे सोडू नका.” दोघांपैकी कुणाचं मोडायचं, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही अवघड वाटला नाही. अवघड होतं ते कुणी थांबायचं हे. मी थांबतो म्हटलं. ड्रॉइंग मास्तर मी थांबतो म्हणाले. शेठ चिडला. तेव्हा टपाल नकाशावरून मान वर न करता म्हणाला, “खरं सांगू? मला त्या रडतोंडीच्या नावाचीच भीती वाटते रे. तिथं शिडी आहे म्हणतात. आपल्याला नाही जमायचं ते शिडीबिडी. मी आपला शेठबरोबर उतरेन.” जो माणूस वीस वर्षं टपालाच्या पिशव्या घेऊन पावसापाण्यात वाड्यावस्त्या हिंडला, त्याला शिडीची भीती! आम्हां सर्वांना ते खोटं असल्याचं कळलं, शेठलाही कळलं. पण तो म्हणाला, “बरं, भीतीच वाटत असेल तर चल.” ही एवढी मोठी देवघेव आमच्या दुकानात वजनाशिवाय झाली.

तेव्हापासून बेताला पुन्हा रंग चढला आहे. आमची चढायची वाट बदलली, चालणारे चाराचे दोन झाले, पण ओढ कमी झाली नाही. उलट तिला एक डोळा फुटला आहे. आता आमचा सगळा खल, धारेवरचे आम्ही दोघे संजीवनीवरच्या दोघांना दिसणार कसे, याभोवती चालतो. ड्रॉइंग मास्तरांनी लाल पंचे सुचवले. शेठनं ते गवतात दिसतील म्हणून मंजूर केले. फोन आहेत; पण डोंगरात ते लागतीलच असं नाही. मग मला एक युक्ती सुचली. वर्गात उन्हाचे कवडसे फळ्यावर नाचवणाऱ्या पोरांकडून गेल्या काही वर्षांत मी जप्त केलेले पाचसात लहान आरसे माझ्या कपाटात पडून आहेत. त्यांतले दोन न्यायचे. दुपारी बाराच्या सुमारास आम्ही धारेच्या मध्यावर असू. कार्तिकात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. आरसा नीट धरला तर कवडसा माचीपर्यंत मारता यावा. तीन वेळा चमकलं, म्हणजे ‘ठीक आहोत’. शेठनं उलट तीन वेळा चमकवलं, म्हणजे ‘पाहतो आहे’. याची रंगीत तालीम आम्ही गेल्या रविवारी शाळेच्या गच्चीवरून शेठच्या दुकानाच्या पाटीवर केली. कवडसा पाटीवरून सरकून नेमका एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत गेला, आणि शेठला पाव किलो शेंगदाणे वर घालून त्याची समजूत काढावी लागली.

आता परतीचा पाऊस तेवढा वेळेवर आटोपायला हवा. तो लांबला तर धारेवर चिखल होईल. फार लवकर गेला तर टाक्यांतलं पाणी उतरेल. बूट काढून उन्हात ठेवले आहेत. बॅटरीचे सेल आणायचे आहेत. दर संध्याकाळी शाळेतून येताना मी चंद्राकडं पाहतो आणि मनात तिथी मोजतो. शेठ सकाळी दुकान उघडण्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलेले गुडघ्याचे व्यायाम करतो, असं वहिनींकडून समजलं. त्याला आम्ही ते विचारलेलं नाही.

एक विनंती मात्र तुम्हां वाचकांना आताच करून ठेवतो. राजगड आता साऱ्या जगाचा झाला आहे. पौर्णिमेला तिथं गर्दी असणार, तुमच्यापैकीही कुणी असेल. संजीवनी माचीच्या टोकाला, तटाच्या सावलीत, एक स्थूलसा गृहस्थ डावा पाय लांब करून आणि हातात इवलासा आरसा धरून बसलेला दिसला, तर त्याला खुशाल नमस्कार करा, त्याच्याजवळचे गूळदाणे खा. तो आग्रहानं देईल. फक्त त्याच्या आणि तोरण्याच्या मध्ये उभे राहू नका.